अमेरिकेचा पाणीवापर घटला, चीनचा थांबला. आपला का नाही?

घनमीटर (धागाकर्ता)

जगभरात माणूस वर्षाला साधारण ४,००० अब्ज घनमीटर गोडं पाणी नद्या, तलाव आणि जमिनीखालून उपसतो. टीएमसीत विचार करणाऱ्यांसाठी: १ अब्ज घनमीटर म्हणजे ३५.३ टीएमसी. १०५ टीएमसीचं कोयना धरण धरलं, तर जगाचा वर्षाचा उपसा तेराशेवर कोयना भरतील एवढा होतो. १९०० च्या सुमारास तो याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास होता. आजच्या उपशातलं ७० टक्के शेतीला जातं, उरलेल्यात कारखाने, वीजकेंद्रं आणि घरं.

पण हा आलेख सगळीकडे चढताच आहे असं नाही. अमेरिकेचा २०१५ चा रोजचा उपसा ३२२ अब्ज गॅलन होता, वर्षाला ४४५ अब्ज घनमीटर. इतका कमी आकडा तिथे १९७० च्या आधी दिसला होता, आणि दरम्यान लोकसंख्या २० कोटींवरून ३२ कोटींवर गेली. चीन २०१३ मध्ये ६१८ अब्ज घनमीटरवर पोचला, तिथून उतरत २०२३ ला ५९१ वर आला. जर्मनीत १९९० ला माणशी रोजचा घरगुती वापर १४७ लिटर होता, आता १२५ च्या आसपास आहे. डेन्मार्कमध्ये तर १०५.

आपण? जागतिक आकडेवारीत भारताचा २०१० चा उपसा ७६१ अब्ज घनमीटर आहे. कोणत्याही देशापेक्षा जास्त, त्यातलं ९० टक्के शेतीला. एक घनमीटर पाण्यामागे जग सरासरी २० डॉलरच्या आसपास मूल्य निर्माण करतं, आपण ३ च्या आसपास.

माझं म्हणणं सरळ आहे. पाण्याला मीटर लावा, दर लावा, पाटपाणी सोडून ठिबकवर या. आपलाही आलेख वळेल. ज्यांचा वळला त्यांनी हेच केलं. विरोधी मतांचं स्वागत, फक्त आकड्यांनिशी बोला.

बाष्प
आकडे बरोबर, अर्थ चुकीचा

अमेरिकेपासूनच सुरू करू. तुमच्या ३२२ मध्ये ४१ अब्ज गॅलन खारं पाणी आहे, किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांनी समुद्रातून आणि खाड्यांमधून घेतलेलं. गोडं पाणी २८१. भारताच्या ७६१ शेजारी ४४५ मांडणं म्हणजे एका पारड्यात तांदूळ आणि दुसऱ्यात गोणीसकट तांदूळ.

आता घट कुठे झाली ते बघा. २०१० ते २०१५ मध्ये एकूण उपसा ३३ अब्ज गॅलनच्या आसपास घटला. त्यातली जवळपास २९ ची घट एकट्या औष्णिक वीजकेंद्रांची. सिंचन याच काळात २ टक्के वाढलं. म्हणजे शेतकऱ्याने पाणी वाचवलं म्हणून आलेख वळलेला नाही, वीजकेंद्रांनी थंड करायची पद्धत बदलली म्हणून वळला.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जुनी कोळसा केंद्रं वन्स-थ्रू होती: नदीतून पाणी घ्यायचं, कंडेन्सरमधून फिरवायचं, काही अंश गरम झालेलं पुन्हा नदीत सोडायचं. १,००० युनिट विजेमागे असं केंद्र सव्वा लाख लिटरच्या वर पाणी उचलतं, पण त्यातलं खरोखर वाफ होऊन जातं ते हजारेक लिटर. कूलिंग टॉवर बसवला की उचल ३,८०० लिटरवर येते. नव्वद टक्क्यांहून मोठी घट, आलेख झोकात खाली! फक्त टॉवरमधून हवेत उडतं २,६०० लिटर. कागदावर बचत झाली आणि नदीतून कायमचं गेलेलं पाणी अडीच पटींहून वाढलं. (टॉवरची बाजू एवढीच की नदीतले मासे गरम पाण्याने मरत नाहीत. तो मुद्दा वेगळा.)

आपल्या पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये गोड्या पाण्यावरच्या वन्स-थ्रू केंद्रांना टॉवर बसवायला सांगितलं आणि जुन्या केंद्रांना १,००० युनिटमागे ३.५ घनमीटरची मर्यादा घातली. त्यामुळे आपलाही औद्योगिक उपसा कागदावर उतरलेला दिसू शकतो. तेव्हा पेढे वाटू नका.

उपसा आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपसलेलं पाणी परत येऊ शकतं. वाफ झालेलं, पिकाच्या पानांतून उडालेलं किंवा समुद्राला मिळालेलं पाणी त्या खोऱ्यात परत येत नाही. इजिप्त बघा: १९५९ च्या करारानुसार नाईलचा वाटा ५५.५ अब्ज घनमीटर, पाऊस नगण्य, आणि वर्षाचा वापर मात्र ७७ च्या आसपास. जादूचं पाणी नाही ते. वरच्या शेतातून निचरा झालेलं पाणी चारीत येतं, पंपाने पुन्हा कालव्यात टाकतात, खालचा शेतकरी तेच पुन्हा वापरतो. प्रत्येक वेळी मोजणी नव्याने होते.

पाटकरी
+१, आणि ठिबकाबद्दल

धागाकर्त्यांनी ठिबक हा रामबाण असल्यासारखं लिहिलंय, म्हणून थोडं विस्ताराने.

पाटपाण्याची कार्यक्षमता ४०-५० टक्के, ठिबकाची ९० टक्के, म्हणजे अर्धं पाणी वाचलं, असा हिशेब प्रत्येक माहितीपत्रकात असतो. उरलेलं ५० टक्के जातं कुठे, हे कोणी विचारत नाही. ते जमिनीत मुरतं. आपल्याच देशाच्या भूजल मूल्यांकनाच्या १९९७ च्या निकषांत हे आकडे दिलेत: कालव्याचं पाणी भातशेतीला दिलं आणि भूजल १० मीटरच्या आत असेल, तर दिलेल्या पाण्याचा ५० टक्के भाग पुनर्भरण धरायचा, भाताशिवायच्या पिकांना ३० टक्के. बिनअस्तर कालव्यातून, मध्यम जमिनीत, दर दहा लाख चौरस मीटर ओल्या पृष्ठभागामागे सेकंदाला १.८ ते २.५ घनमीटर पाझर. अस्तर केलं की त्याचा पाचवा हिस्सा.

याचा अर्थ लाभक्षेत्रातल्या विहिरी पाटाच्या गळतीवर जगतात. कालव्याला अस्तर करा, वरच्या शेतांत ठिबक बसवा. धरणातून सुटणारं पाणी कमी होईल, पण ओढ्याकाठच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतील. मग तिथले लोक बोअर घेतात. एकाच्या हिशेबातली बचत ही दुसऱ्याच्या विहिरीतली तूट असते.

दुसरी गोष्ट, वाचलेलं पाणी कोणी धरणात परत सोडत नाही. शेतकरी त्यावर आणखी अर्धा एकर भिजवतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करेल. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात फिरत्या तुषार यंत्रांना पिकाजवळ लोंबणारे कमी दाबाचे नोझल बसवायला अनुदान दिलं. पाणी पोचवण्याची कार्यक्षमता वाढली, भूजल उपसा कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण लोक मका आणि अल्फाल्फा (चारापीक) यांसारख्या तहानलेल्या पिकांकडे वळले. स्पेनने सिंचन आधुनिकीकरणावर अब्जावधी युरो घातले, तिथेही बाष्पीभवनातून जाणारं पाणी घटलं नाही.

अपवाद आहेत. गळणारं पाणी खाऱ्या भूजलात किंवा समुद्राला जात असेल, तर ते अडवणं ही खरी बचत. सांगली-कोल्हापुरात नदीकाठची जमीन अति पाण्याने क्षारपड झाली आहे. तिथे कमी पाणी देणं हा जमिनीवरचा उपचारच आहे. पण सरसकट 'ठिबक म्हणजे निम्मं पाणी वाचलं' हे वाक्य बंद करा.

मीटर लावा
सपशेल असहमत

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून कोणाला वाटेल की पाटाने पाणी सोडून शेत बुडवणं हाच धर्म. खोऱ्याच्या पातळीवर पाणी 'परत येतं' हे खरं, पण कुठे, केव्हा आणि कोणत्या दर्जाचं येतं? एप्रिलमध्ये पाहिजे असलेलं पाणी सप्टेंबरात ओढ्याला आलं तर काय उपयोग? येताना ते नत्र आणि कीटकनाशकं घेऊन येतं. आणि परत उपसायला वीज लागते.

तो हिशेब मांडतो. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला २.७२ वॅट-तास लागतात. ५० मीटर खोलीवरून, पंप आणि मोटारीची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरून (गावातल्या रिवाइंड केलेल्या मोटारींना ४० टक्के हा उदार आकडा आहे), एका घनमीटरला ०.३४ युनिट. उसाला सारी-वरंब्याने हेक्टरी साधारण २५,००० घनमीटर देतात, ठिबकवर १५,००० पुरतं. १०,००० घनमीटरच्या फरकात हेक्टरी ३,४०० युनिट गेली. ती वीज शेवटी कोळसा केंद्रातून येते, जिथे बाष्प यांच्याच हिशेबाने पाण्याची वाफ होते.

ठिबक फसतं तिथे दोष बहुतेक वेळा पाण्याच्या तत्त्वज्ञानाचा नसतो, देखभालीचा असतो. विहिरीच्या पाण्याला नुसती जाळीची गाळणी लावतात. शेवाळ असेल तर आधी वाळूची गाळणी लागतेच. क्षार असलेल्या पाण्याने तोट्या पांढऱ्या होऊन बुजतात, त्यासाठी हंगामात आम्ल सोडावं लागतं. नळ्यांची टोकं उघडून धुणं कोणी करत नाही. दाब एक किलोच्या आसपास पाहिजे. लाईन लांब आणि उतार जास्त असेल तर शेवटच्या झाडाला निम्मं पाणी पोचतं, मग शेतकरी संच दुप्पट वेळ चालवतो आणि वरच्या झाडांची मुळं सडतात. दोन वर्षांनी नळ्या गुंडाळून बांधावर.

आणि दरांचं म्हणाल तर ते काम करतात. डेन्मार्कमध्ये नळाचं पाणी सांडपाणी आकारासकट घनमीटरला ७० क्रोनरच्या आसपास पडतं, आणि पुरवठादाराची गळती १० टक्क्यांवर गेली तर त्याला दंड. म्हणून १०५ लिटर. केपटाऊनने दुष्काळात रोजचा वापर बाराशे दशलक्ष लिटरवरून पाचशेच्या आसपास आणला: चढे दर, जलवाहिन्यांतला दाब कमी करणं, जास्त वापरणाऱ्या घरांना ठरावीक लिटरनंतर पाणी तोडणारं यंत्र, आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरची मर्यादा. तीन वर्षांत निम्म्याहून कमी. तत्त्वचर्चेने नाही झालं ते.

बाष्प

वीज वाचते, खत वाचतं, उत्पादन वाढतं. सगळं मान्य. मग अनुदानाच्या फलकावर 'वीज वाचवा' लिहा. १५,००० घनमीटर म्हणजे १,५०० मिलिमीटर. ऊस तेवढं पानांतून उडवतोच, नळी कोणतीही असो. ओळींमधली उघडी माती कोरडी राहते म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत थोडं बाष्पीभवन वाचतं, ती खरी बचत. बाकीची पाटकरींनी सांगितलेल्या विहिरीतून आलेली.

केपटाऊन हे शहर आहे. शहराचा नळ बंद करणं आणि पिकाचं पाणी तोडणं यांची तुलना होत नाही.

नळकोंडाळं

एक बाळबोध प्रश्न. ७० टक्के (आपल्याकडे ९०) शेतीत जात असेल तर दात घासताना नळ बंद करा, शॉवरऐवजी बादली वापरा, या उपदेशाला काही अर्थ आहे का? जागतिक हिशेबात घरगुती वापर १२-१३ टक्केच ना?

पाटकरी

अर्थ आहे, पण तुमचं शहर कुठे आहे त्यावर.

मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी लागतं, वर्षाला सुमारे ५० टीएमसी. सह्याद्रीतल्या तलावांतून येतं आणि सांडपाणी होऊन समुद्रात आणि खाड्यांत जातं. मुंबईत वाया गेलेली बादली ही पूर्ण खर्ची पडलेली बादली, परत मिळणं नाही. पुण्याची बादली मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाते. पाण्याच्या मापात ती फारशी हरवत नाही, पण उजनीचा रंग बघितलात तर तिचं काय होतं ते कळेल. पुण्यात पाणी वाचवण्यापेक्षा सांडपाणी शुद्ध करणं जास्त मोलाचं, मुंबईत दोन्ही. इस्रायल सांडपाण्यापैकी ८५ टक्क्यांहून जास्त शुद्ध करून शेतीला देतो, कारण त्याची बहुतेक वस्ती किनाऱ्यावर आहे. तसं केलं नसतं तर सगळं भूमध्य समुद्रात गेलं असतं.

उलट टोकाचं उदाहरण जर्मनीचं. तिथे वापर इतका घटला की मोठ्या वस्तीसाठी घातलेल्या गटारांत प्रवाह पुरत नाही, मैला बसतो, वास येतो, आणि पालिकांना स्वच्छ पाणी सोडून वाहिन्या धुवाव्या लागतात. बर्लिनमध्ये उपसा घटल्याने भूजल वर येऊन तळघरं ओली झाली. वाचवलेलं पाणी नेहमी तहानलेल्याला पोचतंच असं नाही.

बाष्प

आणि कोयनेचं सांगायचं राहिलं. जलविद्युत ही जागतिक आकडेवारीत 'पाणी न खाणारी' समजतात, उपशात धरतच नाहीत. पण कोयनेतून कृष्णा लवादाने मंजूर केलेलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा खोऱ्याच्या दृष्टीने हा शंभर टक्के खर्च. मुंबईच्या वर्षभराच्या पाण्यापेक्षा जास्त, आणि जगाच्या तक्त्यात शून्य.

कोरडवाहू
उपसा नाही, खर्चही नाही. ताटात बघा

आतापर्यंतची चर्चा देशाच्या सीमेत अडकली आहे. खरा फरक कोण खातो-नेसतो यात आहे.

लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात 'आभासी पाणी' ही कल्पना मांडली, २००८ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. नेदरलँड्सच्या आर्येन हुक्स्ट्रा यांनी त्यावरून 'जल-पदचिन्ह' मोजायची रीत बसवली. १९९६ ते २००५ या काळासाठी त्यांचे आकडे: जगाची सरासरी माणशी वर्षाला १,३८५ घनमीटर, अमेरिकन माणूस २,८४२, चिनी १,०७१, भारतीय १,०८९. 'जगात सगळ्यात जास्त पाणी उपसणारा देश' माणशी हिशेबात सरासरीच्या खाली आहे.

त्यातून आपण काय करतो? २०२१-२२ मध्ये भारताने २ कोटी टनांहून जास्त तांदूळ आणि १ कोटी टनांहून जास्त साखर निर्यात केली. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालातच आहे की एक किलो साखरेमागे उत्तर प्रदेशात साधारण १,००० लिटर लागतं, महाराष्ट्रात २,००० च्या पुढे. २० टन साखरेचा एक कंटेनर बंदरातून सुटला की ४ कोटी लिटर पाणी गेलं, म्हणजे १०,००० लिटरचे ४,००० टँकर. मे महिन्यात मराठवाड्यातल्या गावासमोर टँकर उभा असतो तेव्हा हा गुणाकार करून बघा. राज्याच्या पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा जवळपास ७० टक्के वाटा घेतो, हेही त्याच आयोगाने लिहिलंय.

सौदी अरेबियाने हे ओळखलं. वाळवंटाखालचं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी उपसून त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गहू निर्यात करण्यापर्यंत मजल मारली होती. २००८ मध्ये ठरवलं की हे थांबवायचं, आणि २०१६ पर्यंत देशी गव्हाची सरकारी खरेदी संपवली. पाणी वाचवायचा सगळ्यात सोपा मार्ग: तहानलेलं पीक बाहेरून घ्या.

मीटर लावा

सौदीचं अर्धंच सांगितलंत. गव्हापाठोपाठ हिरव्या चाऱ्यावरही बंधनं आली तेव्हा तिथल्या दुग्धव्यवसायाने ॲरिझोनाच्या वाळवंटात जमीन घेतली, तिथलं भूजल उपसून अल्फाल्फा पिकवला आणि गठ्ठे बांधून जहाजाने नेले. २०२३ मध्ये ॲरिझोनाने सरकारी जमिनीचे भाडेपट्टे मोडीत काढायला सुरुवात केली. पाणी वाचलं नाही, पंपाचा पत्ता बदलला.

दुसरं, जगात सगळ्या देशांत मिळून वर्षाला गव्हाचा व्यापार २० कोटी टनांच्या आसपास. आपण एकटे १० कोटी टनांहून जास्त गहू खातो. भारताने गहू बाहेरून घ्यायचं ठरवलं तर त्या दिवशी शिकागोच्या धान्यबाजारात काय होईल? साडेतीन कोटींच्या सौदीला जे जमतं ते दीडशे कोटींच्या जवळ पोचलेल्या देशाला जमत नाही.

बाष्प

आणि पदचिन्हाच्या आकड्यात पाऊसही धरलेला असतो हे कोरडवाहूंनी सांगितलं नाही. जगाच्या एकूण पदचिन्हापैकी ७४ टक्के हे जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी, ११ टक्के नदी-भूजलातलं, उरलेलं प्रदूषण सौम्य करायला लागेल तितकं मानलेलं. कोकणातल्या पावसाच्या भाताचा किलो आणि पंजाबातल्या बोअरच्या भाताचा किलो एकाच मापात घालणं म्हणजे उसनं आणि कमावलेलं एकत्र मोजणं. कोकणातल्या भाताचं पाणी वाचवून ते जतसारख्या दुष्काळी तालुक्याला नेता येत नाही.

साखरेचा मुद्दा मात्र टिकतो, कारण आपल्याकडचा बहुतेक ऊस पावसावर नाही, धरण-विहिरीवर आहे. एवढीच भर: उत्तरेत ऊस १०-१२ महिन्यांत तुटतो, आपला आडसाली १६-१८ महिने उभा असतो. साखरेचा उतारा आपला चांगला, तरी किलोमागे पाणी दुप्पट.

घनमीटर

उपसा आणि खर्च यांची सरमिसळ झाली, मान्य. अमेरिकेचं उदाहरण मागे घेतो. चीनचं घेत नाही.

चीनने २०१२ मध्ये 'तीन लाल रेषा' आखल्या. पहिली म्हणजे देशाच्या वापराची कमाल मर्यादा, २०३० ला ७०० अब्ज घनमीटर, आणि ती प्रांतांत, पुढे तालुक्यांपर्यंत वाटून दिली. दुसरी सिंचनाची कार्यक्षमता ०.६ वर नेण्याची, तिसरी प्रदूषणाची. हबेई प्रांतात गव्हाखाली भूजल खचलं होतं, तिथे हिवाळी गहू न पेरणाऱ्याला एका मूला (हेक्टरचा पंधरावा भाग) वर्षाला ५०० युआन देऊ केले. आणि प्रत्येक विहिरीवर पाण्याचा मीटर परवडत नाही म्हणून विजेच्या युनिटवरून पाण्याचा हिशेब काढतात: त्या भागातल्या काही पंपांवर एका युनिटला किती पाणी येतं ते मोजायचं, तो गुणांक बाकीच्यांना लावायचा. आपल्याकडे हेच का होत नाही?

पाटकरी

चीनमध्ये २०१४ च्या डिसेंबरात दक्षिणेचं पाणी मधल्या कालव्याने बीजिंगला पोचलं, हे विसरू नका. भूजल सुधारलं त्यात त्या आयात पाण्याचा वाटा मोठा आहे. पण मर्यादा आधी, कार्यक्षमता नंतर, हा क्रम बरोबर आहे. मला तोच मुद्दा मांडायचा होता.

वर ज्या कॅन्सासचं नाव बदनाम केलं, त्याच कॅन्सासच्या शेरिडन भागात २०१३ पासून शेतकऱ्यांनीच स्वतःवर मर्यादा घालून घेतली: पाच वर्षांत मिळून शेताला ५५ इंच पाणी, वर्षाला सरासरी २८० मिलिमीटर. दरवर्षी २८० अशी सक्ती नाही. पावसाच्या वर्षी वाचवा, दुष्काळात वापरा; पाच वर्षांची बेरीज मात्र ओलांडायची नाही. उपसा पाव हिश्शाहून जास्त उतरला. मका थोडा कमी, ज्वारी-गहू जास्त, एकरी बियाणं विरळ. उत्पादन किंचित घटलं, पण वीज, खत आणि बियाण्याचा खर्चही घटल्याने हातात उरणारा पैसा जवळपास तेवढाच राहिला. यंत्रं तीच, नोझल तेच. बेरीज बांधली एवढाच फरक.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्याच्या २०१२ च्या आराखड्यात हाच अनुभव आला. नदीसाठी पाणी परत मिळवायला सरकारने दोन मार्ग धरले, शेतकऱ्याकडून पाण्याचा हक्क विकत घेणं किंवा त्याच्या सिंचन सुधारणेला पैसे देणं. दुसरा मार्ग प्रति लिटर दुपटीहून महाग पडला, आणि त्यातून खरोखर किती पाणी नदीला आलं यावर अजून वाद आहे.

मीटर लावा

शेरिडनमध्ये प्रत्येक विहिरीवर मीटर आहे आणि शेतं शेकडो एकरांची. आपल्याकडे सरासरी धारणा सव्वा-दीड हेक्टर, आणि देशात भूजलाच्या सिंचन योजना, म्हणजे विहिरी-बोअर, २ कोटींहून जास्त. कोणता निरीक्षक फिरणार? महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, तो ६० मीटरला गाडी थांबवतो का.

पंजाबचा अनुभव बघा. शेतीला वीज फुकट, उपसा पुनर्भरणाच्या दीडपटीहून जास्त. २००९ मध्ये कायदा केला की १० जूनपूर्वी भाताची लावणी नको, म्हणजे कडक उन्हाळ्यातलं बाष्पीभवन टळेल. बाष्प, ही तुमच्या व्याख्येतली खरी बचत. मग काय झालं? काढणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस उरले कमी, म्हणून भाताची धसकटं जाळायला ऊत आला आणि धूर दिल्लीत. आता १६० दिवसांची पुसा ४४ ही भाताची जात बंद करून १२३ दिवसांची पीआर १२६ लावायला सांगतात. एक रेष ओढली की दुसरीकडे फुगवटा. म्हणून मी दराच्या बाजूने आहे: दर रोज काम करतो, निरीक्षक महिन्यातून एकदा येतो.

कोरडवाहू

दर लावून कोणाचं पाणी थांबतं? ज्याला परवडत नाही त्याचं. ज्वारी-तूरवाला पहिल्या पाळीलाच हात वर करेल, ऊसवाला भरून टाकेल. पाटाच्या पाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी आजही हेक्टर आणि पिकावर आहे, किती घनमीटर घेतलं यावर नाही. आधी ते बदला. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्था मोजून पाणी घेतात आणि मोजून पैसे भरतात. एकाच पाण्यात द्राक्षं आली, कारण ठरलेल्या कोट्यात काय लावायचं हा निर्णय शेतकऱ्याचा होता. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडून सिंचनासाठी बोअर आणि ऊस दोन्ही बंद केले. दोन्हीकडे आधी वाटा ठरला, दर नंतर.

बाष्प

चीनसारखं विजेवरून पाणी मोजणं आपल्याकडे फीडरच्या (वीज पुरवणाऱ्या वाहिनीच्या) पातळीवर शक्य होतं. गुजरातने शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे करून ठरावीक आठ तास पूर्ण दाबाने वीज दिली, त्यातूनच अप्रत्यक्ष मर्यादा आली. ही दोरी आता आपण स्वतःच कापतो आहोत, सौर पंपांनी.

राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के भरून पंप मिळतो: अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. ५ अश्वशक्तीचा पंप ५० मीटरवरून लख्ख उन्हाच्या दिवशी सुमारे १ लाख लिटर काढतो. वर्षाला ३०० दिवस धरले तर ३०,००० घनमीटर, म्हणजे दोन हेक्टर ऊस. पुढच्या थेंबाचा खर्च शून्य. ना युनिट, ना बिल, ना फीडर. मीटर लावा यांचा दरही इथे चालत नाही आणि पाटकरींची बेरीजही.

मीटर लावा

चालतो, पंप ग्रीडला जोडला तर. गुजरातमधल्या धुंडी गावात सौर पंपवाल्यांनी सहकारी संस्था केली, उरलेली वीज मंडळाला विकली आणि पाणी न उपसल्याबद्दल वर बोनस मिळाला. पंजाबनेही वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे ४ रुपये देऊ केले. सूर्य हे शेतकऱ्याचं पीक ठरलं की पाणी बाजूला राहतं.

पाटकरी

त्याला एकच अट आहे आणि ती गणिताची आहे. तुमच्याच हिशेबाने ५० मीटरवर एका युनिटला साधारण ३ घनमीटर पाणी येतं. शेजारी त्या ३ घनमीटरला मंडळाच्या दरापेक्षा जास्त पैसे देत असेल, किंवा स्वतःच्या उसाला त्याहून जास्त भाव येत असेल, तर पंप बंद राहणार नाही. पाणी ३० मीटरवर असेल तर त्याच युनिटला ५ घनमीटर, म्हणजे मोह आणखी मोठा. जिथे भूजल वर आहे तिथेच वीजविक्रीची योजना सगळ्यात कमी चालेल. तालुकावार पाणीपातळीचा नकाशा समोर ठेवून दर लावणार असाल तर पुढे बोलू.